विहीर घेण्यापूर्वी उताराची वरची बाजू पाहावी

जमीन खरेदी करताना शेतकरी मातीचा कस पाहतो, वहिवाटीचा रस्ता पाहतो, सातबाऱ्यावरील बोजा पाहतो. विहिरीचे पाणी गोड की मचूळ हेही चाखून पाहतो. परंतु त्या विहिरीस पाणी कोणत्या अंगाने येते व वाटेत कशास लागून येते, ही चौकशी बहुधा राहून जाते. साखर कारखान्यास जोडून आसवनी, म्हणजे डिस्टिलरी, असलेल्या टापूत ही चौकशी राहिली तर आयुष्याची पुंजी घालून घेतलेली बागायत दोन-चार वर्षांत पाण्यावाचून नव्हे, तर पाण्यामुळेच पडीक पडण्याचा संभव असतो.

मळीपासून मद्यार्क काढल्यावर जे गडद तपकिरी सांडपाणी उरते, त्यास स्पेंट वॉश म्हणतात. एक लिटर मद्यार्कामागे ते साधारणतः १० ते १५ लिटर निघते. ते आंबट असून त्यात पालाश, क्लोराइड व इतर क्षार विपुल असतात. त्याची जैविक प्राणवायू मागणी प्रति लिटर ४०,००० मिलिग्रॅमच्याही वर जाते. घरगुती सांडपाण्याची ती सामान्यतः दोनशे-तीनशेच असते. हे पाणी ज्या तळ्यात साठवितात त्यास पक्के अस्तर असणे आवश्यक आहे. अस्तर फाटले, किंवा स्पेंट वॉश फवारून जेथे खत कुजवितात ते आवार पावसात उघडे राहिले, म्हणजे पाझर सुरू होतो.

हा पाझर किती दूर जाईल, हे केवळ अंतरावरून सांगता येत नाही. महाराष्ट्राचा मोठा भाग काळ्या पाषाणाचा आहे. वर माती, तिच्याखाली मुरूम व त्याखाली भेगाळलेला खडक, अशी बहुधा रचना आढळते. वाळूतून झिरपताना पाणी काही अंशी गाळले जाते. खडकाच्या भेगेतून वाहताना तसे फारसे होत नाही. यास्तव तळ्यापासून हाकेच्या अंतरावरील, पण उताराच्या वरच्या अंगाची विहीर निर्मळ राहते आणि खालच्या अंगाची पुष्कळ दूरची विहीर बिघडते, असे घडू शकते.

म्हणून प्रथम गावचा गटनकाशा घेऊन शिवारात हिंडावे. नाले कोणीकडे वाहतात, पावसाळा सरल्यावरही एखाद्या नाल्यास रंगीत पाणी आहे काय, हे पाहावे. त्यानंतर आसपासच्या तीन विहिरी निवडाव्यात. मात्र त्या एका रेषेत नसाव्यात. आदल्या रात्रीपासून तिन्हींचे पंप बंद ठेवून सकाळी काठापासून पाण्यापर्यंतची खोली मोजावी आणि काठांच्या उंचीतील फरक लेव्हलने काढून तो हिशेबात धरावा. ज्या विहिरीत पाण्याची पातळी खरोखर उंच, त्या बाजूकडून भूजल येत असते असे सामान्यतः धरण्यास हरकत नाही. भारी पंप अष्टौप्रहर चालू लागला की पाणी त्या विहिरीकडे ओढले जाते, म्हणून आज सुरक्षित दिसणारी विहीर बागायत वाढल्यावर तशीच राहील असे गृहीत धरू नये. नाल्याकाठच्या विहिरीबाबत तर हे विशेष ध्यानात ठेवावे.

पाण्याची परीक्षा श्रावणात करून भागत नाही. पावसाने दोष पातळ होतो. एक नमुना वैशाखात व दुसरा पावसाळ्यानंतर घ्यावा. पंप पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवून, स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून ती भरावी व तिजवर गट क्रमांक आणि दिनांक लिहावा. क्षारता, म्हणजे विद्युत वाहकता, प्रति मीटर ०.७५ डेसीसायमनपर्यंत असल्यास बहुतेक पिकांस बाधा होत नाही; २.२५ च्या वर गेल्यास ते पाणी, विशेषतः निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत, वापरण्याजोगे नसते. प्रयोगशाळेस पालाश व क्लोराइडही काढण्यास सांगावे. काळ्या पाषाणातील भूजलात पालाश स्वभावतः फार थोडे असते; ते खालच्या विहिरीत वाढलेले व वरच्या विहिरीत अल्प आढळले, तर संशयास चांगलाच आधार मिळतो. रासायनिक खतांमुळेही पालाश वाढते, तेव्हा एकाच विहिरीच्या आकड्यावरून दोषारोप करू नये. पाणी चहासारखे दिसत नाही एवढ्यावरून ते निर्दोष ठरत नाही. रंग मातीत काही अंशी अडतो, क्षार पुढे जातात.

त्याच विहिरीचे पाणी घरी पिण्यास वापरावयाचे असेल तर पिण्याच्या पाण्याची तपासणी स्वतंत्रपणे करून घ्यावी. शेतीसाठी चालणारे पाणी पिण्यास योग्य असतेच असे नाही.

दोष आढळल्यास व्यवहार थांबवून विसार देण्यापूर्वीच अहवाल विक्रेत्यापुढे ठेवावा. जमीन आधीच घेतली असल्यास महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी व तीस तिन्ही विहिरींचे अहवाल जोडावेत. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यान्वये न्यायालयात पुरावा म्हणून चालणारा सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने विहित रीतीने घ्यावा लागतो. शेतकऱ्याने स्वतः भरलेली बाटली त्या कामी पुरेशी नाही. म्हणून अर्जात अशा नमुन्याची मागणी स्पष्ट शब्दांत करावी आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.