कोळंबीची सालं कुजतात, तिसऱ्यांची शिंपली कुजत नाहीत

एक किलो कोळंबी सोलली की साधारण चारशे ग्रॅम डोकी आणि सालं ओट्यावर उरतात. तिसऱ्या आणल्या तर शिंपल्यांचं वजन आतल्या मांसाच्या कितीतरी पट भरतं. हे फेकू नका, बागेत घाला, माती सुधारते, असा सल्ला परसबागवाल्यांकडून हमखास मिळतो. सल्ला खोटा नाही. फक्त त्यात दोन अगदी वेगळ्या वस्तू एकाच टोपलीत पडतात, आणि पुढचे बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

कोळंबी, चिंबोरी, शेवंड यांच्या वाळलेल्या कवचात २० ते ४० टक्के प्रथिनं असतात, १५ ते ४० टक्के कायटिन आणि २० ते ५० टक्के कॅल्शियम कार्बोनेट. कायटिन म्हणजे नायट्रोजन बाळगणारी एक चिवट साखळी. शुद्ध कायटिनमध्ये सुमारे ७ टक्के नायट्रोजन असतो. मातीतले जिवाणू आणि बुरश्या ही साखळी तोडतात आणि तो नायट्रोजन हळूहळू झाडाला मिळतो. म्हणजे कोळंबीचं साल हे खरंखुरं खत आहे.

तिसऱ्या, कालवं, खुबे यांची शिंपली जवळजवळ पूर्णपणे कॅल्शियम कार्बोनेटची, साधारण ९५ टक्के किंवा जास्तच. त्यांत कुजण्यासारखं काही नसतंच. समुद्रकाठी हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे ढीग पुरातत्त्वज्ञांना आजही सापडतात. तेव्हा अख्खं शिंपलं कुंडीत पुरून वर्षभरात माती सुपीक होण्याची वाट पाहणं व्यर्थ. ते तळाशी पाण्याच्या भोकावर ठेवायला छान, एवढंच. बारीक पूड केली तर मात्र ते विरघळू लागतं, आणि तेही माती आम्ल असेल तरच.

इथे दुसरा गैरसमज येतो: कॅल्शियम कुठल्याही मातीला चांगलंच. कोकणातली जांभ्याची माती आम्ल. धो धो पावसाने तिच्यातला चुना कधीच वाहून गेलेला असतो, त्यामुळे तिथे शिंपल्यांची पूड कामाची ठरते. देशावरच्या काळ्या मातीत मुळातच चुनखडी भरलेली असते. तिच्यात आणखी चुना गेला की झाडाला लोह उचलता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मालवणच्या आत्याने सांगितलेला उपाय सोलापूरच्या अंगणात गुलाबाला भोवतो तो असा. आपली माती कुठली हे कळायला आधी माती परीक्षण करून घ्यावं. तेवढा धीर नसेल तर वाळलेल्या मातीवर व्हिनेगर टाकून पाहावं. बुडबुडे आले तर शिंपली बागेबाहेरच ठेवावीत.

टोमॅटोचं बूड काळं पडलं की शिंपल्यांची किंवा अंड्याच्या टरफलांची पूड घालायची, हाही असाच एक पक्का समज. फळात कॅल्शियम कमी पडतं हे खरं, पण बहुतेक वेळा ते मातीत पुरेसं असतं. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं, आणि आपण कुंडी दोन दिवस कोरडी ठेवून तिसऱ्या दिवशी तुडुंब भरतो. पाणी नेमाने घालणं आणि वर पालापाचोळा पसरणं, हाच उपाय.

आता वास. सोसायटीतली निम्मी भांडणं यावरूनच होतील, पण दोष सालांचा कमी आणि ढीग रचण्याचा जास्त. ओली सालं, हवा नाही, कोरडं काही मिसळलेलं नाही, म्हटल्यावर घाण सुटणारच. सालं धुऊन एका वाटीला तीन-चार वाट्या वाळलेला पाला, नारळाचा भुसा किंवा लाकडाचा भुसा घ्यावा, ढिगाच्या मध्यभागी पुरावीत आणि वरून वीतभर कोरडा थर द्यावा. वासावर उतारा म्हणून कळीचा किंवा भिजवलेला चुना भुरभुरण्याची पद्धत आहे. ती सोडलेली बरी. चुन्याने ढीग अल्कधर्मी होतो आणि नायट्रोजन अमोनिया होऊन उडून जातो. ज्यासाठी खटाटोप केला तेच हवेत. गांडूळखताच्या डब्यातही ताजी सालं घालू नयेत. उष्णता आणि अमोनिया गांडुळांना सोसत नाही.

कायटिनमुळे मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी मरतात, असंही ऐकू येतं. यात तथ्य आहे. कायटिन पडलं की ते खाणारे जिवाणू मातीत वाढतात, आणि सूत्रकृमींच्या अंड्याच्या कवचातही कायटिनच असतं. अमेरिकेत अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठात १९८० च्या दशकात यावर बरंच काम झालं. पण परिणाम दिसायला मातीच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास कायटिन लागतं. दहा किलो मातीच्या कुंडीत शंभर ग्रॅम, आणि सालात कायटिन थोडंच असल्याने वाळलेली सालं त्याहून बरीच जास्त. एवढं एकदम घातलं तर सुटणारा अमोनिया कोवळी मुळं जाळतो, म्हणून रोप लावण्याआधी काही आठवडे थांबावं लागतं. रविवारच्या कालवणातली मूठभर सालं हे काम करणार नाहीत.

सालांतल्या मिठाने झाडं बिघडतील ही भीती बरीचशी अनाठायी. कच्ची सालं एकदा धुतली की पुरे. ताटातली मसाला-तेल लागलेली उरलीसुरली मात्र गच्चीवरच्या कुंड्यांना नकोत. तिथे मीठ पसरायला माती थोडी.

सालं वाळवून मिक्सरला फिरवायची असतील तर तोंडाला फडकं बांधावं. कोळंबी-चिंबोरीची ॲलर्जी असलेल्याने तर हे काम करूच नये. आखाडात सोललेल्या कोळंबीची सालं ताडपत्रीखाली नीट रचली तर दिवाळीनंतरच्या मुळा-मेथीच्या वाफ्यांना खत तयार असतं. चिंबोऱ्यांच्या नांग्या तेवढ्यात कुजत नाहीत. त्या चाळणीवर राहतील, पुढच्या ढिगात टाकाव्यात.