क्रीडांगणाच्या जुन्या पायऱ्या

आपल्या गावच्या कॉलेजचं मैदान डोळ्यांपुढे आणा. एका अंगाला सिमेंटच्या दहाबारा पायऱ्या असतील, वर पत्रा असेल किंवा नसेल, आणि पायऱ्यांखाली जी काळोखी जागा उरते तिथे मोडकी बाकं, फाटकी जाळी, फक्कीची पोती कोंबलेली असतील. याच काळोख्या जागेत आज आपल्याला न्यायचं आहे. पायऱ्या म्हाताऱ्या झाल्या की नाही हे वरून कळत नाही. ते खालून, मान वर करून पाहिल्यावर कळतं.

हिंगोलीला दसऱ्यात रामलीला मैदानावर रावणदहनासाठी केवढा समुदाय लोटतो! पण तो जमिनीवर उभा असतो, आणि जमीन बिचारी कुरकुर करीत नाही. तीच माणसं सामना पाहायला पायऱ्यांवर चढली की त्यांचा भार तुळयांनी आणि खांबांनी पेलायचा असतो. अशा जागी चौरस मीटरला सुमारे 500 किलो भार धरून हिशेब करतात. पण पोरं काही पोत्यांसारखी स्वस्थ बसत नाहीत. गोल झाला की सगळी एका ठेक्यात उड्या मारतात. झोपाळ्याला नेमक्या वेळी झोका दिला की थोड्या जोरानंही तो उंच जातो ना? तसंच इथे होतं. उड्यांचा ठेका आणि बांधकामाचा स्वतःचा डोल जुळला, की त्याच माणसांचा मार कितीतरी वाढतो.

आता हे बांधकाम जुनं होतं म्हणजे नेमकं काय होतं? काँक्रीटमधली सळई गंजत नाही, ती केवळ झाकलेली असते म्हणून नव्हे. सिमेंट अल्कधर्मी असतं आणि त्या अल्कतेमुळे सळईवर एक अतिसूक्ष्म संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड मात्र वर्षानुवर्षे आत मुरत राहतो आणि ही अल्कता मारीत जातो. तो सळईपर्यंत पोचला आणि जोडीला ओल मिळाली की गंज धरतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. तेवढी जागा आत कुठून येणार? मग काँक्रीट सळईच्या रेषेत उलतं, खपल्या सुटतात, आणि एके दिवशी खालून तांबडी सळई दिसू लागते.

पायऱ्या म्हणजे खरं तर एक उघडं छप्परच. घराच्या स्लॅबला आपण उतार देतो, पन्हाळी लावतो, गळू लागला तर लगेच गवंडी बोलावतो. पायऱ्या गळल्या तर भिजतात ती मोडकी बाकं. त्यांची तक्रार कोण करणार? सांध्यात माती साचते, तिथे पिंपळ उगवतो, आणि त्याची मुळं पाण्याला वाट करून देतात. आपल्याकडे त्यात काळ्या मातीची भर आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. पाया उथळ असेल तर खांब तिच्याबरोबर खालीवर होतात. शिवाय 2024 साली मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैत हिंगोली जिल्ह्यानं 4.5 तीव्रतेचे भूकंपाचे धक्के अनुभवले आहेत.

आमच्या भागातल्या एका महाविद्यालयात अशाच पायऱ्या होत्या. क्रीडामहोत्सव तोंडावर आला, खालून खपल्या पडलेल्या. गवंड्यानं दोन दिवसांत गिलावा केला, वर चुना फासला. पाहुणे म्हणाले, वा, नव्यासारखं झालं! पुढच्या पावसाळ्यात तो गिलावा ताटाएवढ्या तुकड्यांनी खाली आला. सुट्टी होती म्हणून कुणाचं डोकं फुटलं नाही. गंज आत तसाच ठेवून वर गिलावा चढवणं म्हणजे गळू न फोडता पट्टी बांधणं.

हा विषय नुसत्या खपल्यांवर थांबत नाही. ब्राझीलमधल्या साल्वादोर शहरी 1951 साली उघडलेलं फोंते नोव्हा नावाचं फुटबॉलचं स्टेडियम होतं. 2007 च्या नोव्हेंबरात सामना चालू असताना वरच्या मजल्याच्या पायरीला भगदाड पडलं आणि सात माणसं खाली पडून मेली. सबंध इमारत कोसळली नाही. एक तुकडा तेवढा गेला. 2010 साली ते स्टेडियम सुरुंग लावून पाडलं आणि तिथेच नवं बांधलं.

मग जुनं ते सगळं पाडावं काय? मुंबईतच पाहा. ब्रेबर्न स्टेडियम 1937 सालचं. तिकिटांच्या वाटपावरून भांडण झालं, म्हणून हाकेच्या अंतरावर वानखेडे उभं राहिलं, तेही जेमतेम वर्ष-सव्वा वर्षात. 1975 च्या जानेवारीत तिथे पहिला कसोटी सामना झाला. पण 2011 च्या विश्वचषकाआधी उत्तर आणि दक्षिण बाजूच्या पायऱ्या पाडून नव्या बांधाव्या लागल्या, त्या धाकट्या वानखेडेच्या! ते बांधकाम चालू असताना, 2009 च्या डिसेंबरात, श्रीलंकेविरुद्धचा कसोटी सामना झाला तो थोरल्या ब्रेबर्नवर, छत्तीस वर्षांच्या खंडानंतर. वानखेडे पाडलं ते केवळ जीर्ण झालं म्हणून नव्हे. ऐसपैस खुर्च्या आणि मोकळे जिने हवे होते. सुमारे 45,000 ची सोय होती ती 33,000 वर आली. जागा कमी करूनही सुधारणा होते, हे आपल्या संस्थाचालकांच्या गळी उतरणं कठीण!

अमेरिकेत कॉलेजांची स्टेडियमं म्हणजे संस्थानंच. तिथला फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळण्याचा खेळ. हार्वर्डचं स्टेडियम 1903 सालचं, सळईच्या काँक्रीटचं. दुरुस्त्या करीत आजही वापरात आहे. बर्कलीचं 1923 सालचं स्टेडियम तर भूगर्भातल्या भेगेवरच बसलेलं. ते त्यांनी पाडलं नाही. बाहेरची जुनी भिंत राखली, आतलं नवं बांधलं, भेगेवरचा भाग उरलेल्यापासून सुटा केला, आणि 2012 साली पुन्हा उघडलं. उलट नॉर्थवेस्टर्न विद्यापीठानं आपलं 1926 चं स्टेडियम 2024 मध्ये पाडायला घेतलं.

तेव्हा वयावरून निकाल लागत नाही, तपासणीवरून लागतो. पहिली तपासणी एका हातोडीची. पायरी खालून ठोकत जा. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर आत पोकळ. दुसरीचं सामान कॉलेजच्या रसायनशाळेत असतंच. काँक्रीटचा ताजा कपचा काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडा. जिथे गुलाबी रंग येतो तिथे अल्कता शिल्लक आहे; रंग येत नाही तिथे ती मेली. रंगहीन थर सळईपर्यंत गेला असेल तर इंजिनिअरला बोलवायलाच हवं. तो काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडून वेग मोजतो. सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर उत्तम, तीनच्या खाली संशयास्पद. मग गाभ्याचे नमुने काढून दाबून पाहतात.

बिघाड पायऱ्यांच्या फरश्यांपुरता असेल, खांब आणि पाया शाबूत असतील, तर दुरुस्ती करावी. पण ती सळईच्या मागेपर्यंत फोडून, गंज घासून, झिजलेली सळई बदलून. खांबांतच गंज शिरला असेल किंवा पाया खचत असेल, तर पाडावं. मात्र पाडण्याआधी एक गोष्ट कागदावर लिहून घ्यावी : मोकळी झालेली जागा मैदानाचीच राहील. नाहीतर पायऱ्या जातात आणि रस्त्याच्या कडेनं दुकानांचे गाळे उभे राहतात.

आणि पुन्हा सगळं काँक्रीटचंच का असावं? कोल्हापूरचं खासबाग मैदान शाहू महाराजांनी 1912 साली पुरं केलं. मध्ये आखाडा, भोवती बशीसारखा चढत जाणारा उतार, माणसं त्या उतारावरच बसतात. दोनच वर्षांनी, 1914 मध्ये, अमेरिकेत येल विद्यापीठानंही मैदान खोल खणलं आणि निघालेल्या मातीचा बांध भोवती घालून त्यावर प्रेक्षक बसवले. दोन्ही शंभरी ओलांडून चालू आहेत. आपल्याकडे काळी माती त्या कामाची नाही. ती काढून मुरूम भरावा लागेल, थराथरानं पाणी मारून दाबावा लागेल, वर दगडी पायऱ्या आणि तळाशी पाणी काढून देणारी नाली. पाचसहा पायऱ्यांच्या अशा बांधावर कॉलेजातली सगळी मुलं मावतील, आणि त्यांनी हव्या तेवढ्या उड्या माराव्यात.