कार्डाआधी पाकीट

संगणकावर पणत्या-रांगोळी जुळवायची, खाली घरातल्या सगळ्यांची नावे घालायची, झेरॉक्सच्या दुकानात जाड कागदावर रंगीत प्रिंट काढायची आणि मधोमध घडी घालायची. घरचे शुभेच्छापत्र तयार. चिखली असो, मेहकर असो की मलकापूर, हे काम आता कुठेही अर्ध्या तासात उरकते. अडते ते पुढे. ए-फोर कागदाला एक घडी घातली की १४८ बाय २१० मिलिमीटरचे कार्ड होते. ते घेऊन स्टेशनरीच्या दुकानात गेले की दुकानदार तीन गठ्ठे काढतो : लांब पांढरी ऑफिसची पाकिटे, खाकी पाकिटे आणि वर रुपया चिकटवलेली आहेराची पाकिटे. लांब पाकीट ११० बाय २२०चे, म्हणजे ए-फोर पत्र दोन घड्या घालून ठेवण्यासाठी बेतलेले. त्यात कार्ड शिरत नाही. खाकी पाकिटात ते सैल फिरते आणि कोपरे मोडून घेते. आहेराच्या पाकिटात नोटांशिवाय काही मावत नाही. शेवटी कार्डाचा फोटो मोबाइलवर जातो आणि कार्ड कपाटात राहते. इतक्या हौसेने केलेली वस्तू अशी वाटेतच थांबली की मला मनापासून वाईट वाटते, कारण ही अडचण टाळता येण्यासारखी आहे. त्यासाठी क्रम फक्त उलटा करायचा : आधी पाकीट ठरवायचे, मग कार्ड.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात पाकिटांची खरी जाण कुणाला असेल, तर ती लग्नपत्रिका छापणाऱ्यांना. घाटावर जा की घाटाखाली, तालुक्याच्या बाजारपेठेत पत्रिकेचे एखादे तरी दुकान असतेच. भिंतीला टेकवलेले नमुन्यांचे अल्बम, मागे स्क्रीन प्रिंटिंगच्या चौकटी, कडेला वाळत घातलेल्या पत्रिका. या धंद्यात कोरी पत्रिका आणि तिचे पाकीट जोडीनेच येते. छापताना शाई पसरते, कुणाच्या नावाची वेलांटी चुकते, चार-सहा पत्रिका वाया जातात. त्यांची पाकिटे मात्र कोरी राहतात. मोडलेल्या नमुन्याचे, संपलेल्या ऑर्डरचे असे सुटे नग दुकानात साठत जातात. एका रंगाची दहा, दुसऱ्या रंगाची पंधरा. पत्रिका शेकड्याने विकणाऱ्याला त्यांचा उपयोग नसतो. घरच्या वीस कार्डांना मात्र तेवढीच पुरतात.

ती मागायला कधी जावे, हेही महत्त्वाचे. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मास, लग्ने बंद. श्रावण-भाद्रपदात पत्रिकेवाल्याला बोलायला सवड असते. दिवाळीच्या तोंडावर गेलात तर तो तुळशीच्या लग्नानंतरच्या पत्रिकांत गळ्यापर्यंत बुडालेला असतो, आणि त्याने नाही म्हटले तर दोष त्याचा नाही. पाकिटे पाहताना झाकण आधी बघावे. सोनेरी गणपती असेल तर दिवाळीला चालतो. ‘शुभविवाह’ छापलेले असेल तर ते लपवता येत नाही. मग एक पाकीट घरी आणून आतून मोजावे, लांबी-रुंदीत चार-पाच मिलिमीटर वजा करावेत आणि त्या मापाचे कार्ड संगणकावर मांडावे. पत्रिकांची मापे इंचांत आणि कारखान्यागणिक वेगळी असतात, म्हणून अंदाजाने कार्ड छापून मग पाकीट शोधण्यात अर्थ नाही.

ज्याला मोजमापाची कटकट नको, त्याच्यासाठी आंतरराष्ट्रीय मापांची सोय आहे. ए-सिक्स कार्डाला सी-सिक्स पाकीट, ११४ बाय १६२. ए-फाइव्हला सी-फाइव्ह, १६२ बाय २२९. पण तालुक्याच्या दुकानात सी-सिक्स या नावाने मागितले तर बहुधा मिळत नाही. मग हाताने करणे आले. माझ्या मते तोच सगळ्यात चांगला मार्ग आहे, कारण त्यासाठी लागणारा कागद घरातच असतो.

ए-फोर कागदाची गंमत अशी की त्याच्या रुंदीएवढा, म्हणजे २१० मिलिमीटरचा चौरस कापला, तर त्या चौरसाचा कर्ण बरोबर २९७ भरतो. तीच त्या कागदाची लांबी. ‘ए’ मापांची सगळी रचनाच या गुणोत्तरावर उभी आहे. आणि हा चौरस ए-सिक्स कार्डाच्या पाकिटाला नेमका पुरतो. चौरस कोपरा वर येईल असा ठेवायचा. मध्यभागी १५४ बाय १११ची चौकट पेन्सिलीने हलकी आखायची. १४८ बाय १०५च्या कार्डाला तेवढी मोकळीक हवी. शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टीच्या कडेने चारही रेषा दाबून घ्यायच्या, म्हणजे घडी सरळ बसते. आधी डावा-उजवा कोपरा आत वळवायचा. त्यांच्या टोकांमध्ये सेंटिमीटरभर अंतर उरते. मग खालचा कोपरा वर घ्यायचा, तो जवळजवळ वरच्या कडेपर्यंत पोहोचतो. त्याच्या दोन्ही तिरप्या कडांना बोटाच्या नखाएवढ्या रुंदीत खळ लावायची, जास्त नाही. कागद भिजला की सुरकुततो आणि ती सुरकुती जात नाही. वरचा कोपरा म्हणजे झाकण. उरलेल्या ८७ मिलिमीटरच्या पट्टीतून पत्त्याची चिठ्ठी निघते.

साधा झेरॉक्सचा कागद पातळ, आतली छपाई बाहेरून दिसते. एक्झिक्युटिव्ह बाँडसारखा शंभर ग्रॅमच्या आसपासचा कागद बरा. मोठ्या कार्डाला ए-फोर पुरत नाही, तिथे साधारण २९७ मिलिमीटरचा चौरस हवा, आणि तो मिळतो कृषी केंद्रांच्या जुन्या चित्रांच्या कॅलेंडरांतून. कोरी बाजू बाहेर, चित्र आत. पाकीट उघडणाऱ्याला आतून गेल्या वर्षाचा हिरवा मळा दिसतो. चकचकीत बाजूला मात्र खळ धरत नाही, तिथे फेव्हिकॉल वापरावा.

खळ मैद्याची. एक वाटी मैदा थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, पाच-सहा वाट्या पाणी घालून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा. पुस्तके बांधणारे बाइंडर कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद टाकतात. ते विष आहे. जिभेने ओले करायच्या झाकणाला अशी खळ कधीही लावू नये. झाकणासाठी बाभळीचा डिंक आहे. बांधाबांधावर बाभूळ असलेल्या या जिल्ह्यात तो मिळणे अवघड नाही. खडे रात्रभर पाण्यात भिजवायचे, फडक्यातून गाळायचे, थोडे ग्लिसरीन घालायचे. ग्लिसरीन नसेल तर वाळलेला डिंक तडकतो आणि कागद गोल वळतो. घाटाखालच्या उन्हाळ्यात तर हमखास. पावसाळ्यात उलटे होते, झाकणे आपसूक चिकटतात. म्हणून डिंक लावायचे काम पाऊस ओसरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास करावे आणि पाकिटे झाकण उघडे ठेवून रचावीत.

पत्राला वेगळे पाकीट ही तशी अलीकडची चैन. इंग्लंडमध्ये १८४०पर्यंत टपालाचा दर पानांच्या संख्येवर आणि अंतरावर ठरे. पाकीट म्हणजे एक जास्तीचे पान, म्हणून लोक पत्रच दुमडून लाख लावत. आपल्याकडे १८५४पासून अंतर कितीही असो, दर वजनावर ठरू लागला, आणि तो नियम आजही पाकीट करणाऱ्याच्या डोक्यावर असतो. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. अडीचशे ग्रॅमच्या कागदावरचे दुमडलेले ए-सिक्स कार्ड आठेक ग्रॅम, वरचे हातचे पाकीट चारेक ग्रॅम, निवांत बसते. तेच ए-फोर दुमडून केलेले मोठे कार्ड तीनशे ग्रॅमच्या कागदावर असेल तर एकटेच जवळपास १९ ग्रॅम भरते आणि पाकीट चढले की टप्पा ओलांडते. तिकीट कमी पडले तर भुर्दंड पत्र घेणाऱ्याला बसतो. दिवाळीच्या शुभेच्छांबरोबर कुणालाही तो नको असतो.

समोरच्या बाजूला उजवीकडे खाली पिनकोड हवा. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस, संस्कृतचे कवी. बुलढाण्याचा ४४३००१, खामगावचा ४४४३०३. एकाच जिल्ह्यात गावागणिक आकडे बदलतात, तेव्हा अंदाजाने लिहू नये. गडद रंगाच्या पाकिटावर पत्ता वाचता येत नाही, तिथे ए-फोरची ती उरलेली पट्टी चिकटवावी.

संक्रांतीच्या पाकिटाला आणखी एक काम असते. छोट्या कार्डाबरोबर तिळगूळ किंवा चिमूटभर हलवा पाठवण्याची आपली रीत. १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊ जयंतीची गर्दी, दोन-तीन दिवसांनी संक्रांत. टपालपेट्या याच आठवड्यात भरतात. हलवा बटर पेपरच्या इवल्या पुडीत बांधून पाकिटात डाव्या बाजूला खाली चिकटवावा. वर उजवीकडे तिकीट असते, आणि त्यावर टपाल कचेरीतला शिक्का हाताने जोरात बसतो. त्याखाली हलवा आला तर त्याचा भुगा होतो. तिळाच्या वडीचे तेल कागदाला लागते, म्हणून वडीऐवजी हलवाच बरा. पुडीची जाडी धरून चौकट चार-पाच मिलिमीटरने वाढवावी. २१०च्या चौरसात तेवढी जागा आहे.