कोपरचा पूल आणि जखमींची वाट

डोंबिवलीत रसायनांचे कारखाने लोहमार्गाच्या पूर्वेस, तर महापालिकेचे शास्त्रीनगर सामान्य रुग्णालय पश्चिमेस वसलेले असून, या दोन भागांस जोडणारा कोपरचा उड्डाणपूल धोकादायक ठरल्यामुळे सप्टेंबर २०१९ पासून सप्टेंबर २०२१ पर्यंत, म्हणजे महासाथीच्या ऐन कहरातही, वाहतुकीस बंद होता आणि रुग्णवाहिकांची मुख्य मदार ठाकुर्लीच्या पुलावर होती. रुग्णालयाची सिद्धता केवळ खाटांवरून मोजणाऱ्या अंमलदारांच्या दप्तरी रस्त्याचा रकाना असतो की नाही, कोण जाणे!

२६ मे २०१६ रोजी प्रोबेस आणि २३ मे २०२४ रोजी अमुदान या कारखान्यांत झालेल्या भीषण स्फोटांनी दूरवरच्या घरांच्या काचा फोडल्या, तेव्हा जखमींचा बराचसा भार परिसरातील खासगी रुग्णालयांनी उचलला. परंतु गंभीररीत्या भाजलेल्या रुग्णास जो निर्जंतुक कक्ष, त्वचारोपणाची सोय आणि प्रदीर्घ शुश्रूषा लागते, त्यांसाठी ऐरोलीच्या दाहोपचार केंद्रासारख्या ठिकाणांकडे पाहावे लागते.

डोंबिवलीबाहेरच्या मोठ्या रुग्णालयांकडे पाहावे, तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात ऑगस्ट २०२३ मध्ये एका अहोरात्रात १८ रुग्ण दगावले व शासनाने चौकशी समिती नेमली. ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयाची पुनर्बांधणी चालू असल्याने तेथील रुग्णांचा ओघही कळव्याकडे वळला होता. म्हणजे कोणतीही आपत्ती कोसळलेली नसतानाच तेथे आपत्तीसमान गर्दी होती. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्यानजीक लोकलमधून पडलेल्या प्रवाशांपैकी अनेकांना याच रुग्णालयात हलवावे लागले.