सर्वात मागे कोण आहे?

शिमल्याहून निघून काझामार्गे मनालीला उतरायचं, तेही बाइकवर, असा प्लॅन शिजतोय? मग गाडीच्या अॅक्सेसरीजवर भांडण्याआधी हे वाचा.

तुमच्याही फोनमध्ये 'स्पिती पक्कं' किंवा तशाच नावाचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप असणार. सुरुवातीला त्यात चौदा जण असतात. मग कुणाची सुट्टी मंजूर होत नाही, कुणाच्या घरून नकार येतो, कुणाचा पेपर पुढे ढकलला जातो. उरतात पाच. हे पाच जण रोज रील्स टाकतात, सॅडल बॅग कुठली घ्यायची यावर वाद घालतात, एकमेकांच्या हेल्मेटला नावं ठेवतात. हे सगळं भारीच असतं. पण ट्रिप पार पडणार की फसणार हे ज्यावर ठरतं, तो प्रश्न या चॅटमध्ये सहसा कुणी विचारत नाही. वाटेत एकाला झेपलं नाही, तर बाकीचे काय करणार?

रस्ता नेमका कसा आहे?

हिमाचल प्रदेशातल्या लाहौल-स्पिती जिल्ह्यातलं हे खोरं. स्पिती म्हणजे 'मधला प्रदेश', तिबेट आणि भारत यांच्या मधला. तिथे पोचायचे दोन रस्ते आहेत. एक शिमल्याहून किन्नौरमार्गे जातो. रामपूर, रिकाँग पिओ, मग खाबला सतलज आणि स्पिती या नद्यांचा संगम, पुढे नाको, ताबो आणि काझा. हा टप्पा सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. दुसरा रस्ता मनालीहून अटल बोगद्यातून लाहौलमध्ये जातो आणि ग्राम्फू, छत्रू, बातलमार्गे कुंझुम खिंड चढून काझ्यात उतरतो. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास, पण वेळ मात्र अख्खा दिवस. दोन्ही जोडले की सर्किट पूर्ण होतं.

नवख्या ग्रुपने शिमल्याकडून चढावं आणि मनालीकडे उतरावं, असं अनुभवी रायडर सांगतात. कारण साधं आहे. किन्नौरच्या बाजूने उंची हळूहळू वाढते, शरीराला सवय व्हायला दिवस मिळतात. मनालीहून निघालात तर एका दिवसात थेट कुंझुमवर जाता आणि मग डोकं धरून बसता.

खरं ऑफ-रोडिंग आहे ते बातल ते ग्राम्फू या पन्नासेक किलोमीटरच्या तुकड्यात. चंद्रा नदीच्या काठाने जाणारी ही वाट म्हणजे बऱ्याच ठिकाणी नदीचं पात्रच वाटतं. डोक्याएवढे दगड, मधूनमधून वाळू, आणि डोंगरावरून थेट रस्त्यावर येणारे नाले. बीआरओचं रुंदीकरणाचं काम चालू असतं, त्यामुळे आज जिथे दगड तिथे उद्या ओला मुरूम असू शकतो. इथे स्पीडोमीटर वीसच्या पुढे गेला तरी बरं वाटतं.

पावणेतीन कळसूबाई

आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. महाराष्ट्रात त्याहून उंच काही नाही. काझा गावच त्याच्या दुपटीहून उंच आहे आणि कुंझुम खिंड सुमारे ४,५५० मीटरवर, म्हणजे एकावर एक पावणेतीन कळसूबाई. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत साठ टक्क्यांच्या आसपास येतो. तुम्हालाही दम लागतो आणि गाडीलाही. घरी चौथ्या गिअरमध्ये जो चढ चढता, तिथे दुसरा टाकावा लागतो.

विरळ हवेचा त्रास कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही. जिमला जाणाऱ्याला होऊ शकतो आणि कधी जिना न चढणाऱ्याला नाही होत. डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं, झोप न येणं ही पहिली लक्षणं. त्यावर चढत राहिलं तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठू शकतं आणि ते जिवावर बेततं. डॉक्टर सांगतात तो नियम लक्षात ठेवा. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर आजची झोपायची जागा कालच्यापेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंच नको. आणि लक्षणं असतील तर आणखी वर जायचं नाही, बस. डायमॉक्स गोळी घ्यायची की नाही हे निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, ग्रुपमधल्या 'अनुभवी' भाईला नको.

काझ्यातला दिवस

आम्ही जूनच्या शेवटच्या आठवड्यात गेलो. पाच जण, चार गाड्या. दोन हिमालयन, एक एक्सपल्स आणि एक दीडशे सीसीची, रोज कॉलेजला जाणारी. कल्पाला एक मुक्काम, ताबोला एक, मग काझा. सगळं नियमात. तरी काझ्यात पोचल्यावर संध्याकाळी आमच्यातला सगळ्यात फिट मुलगा, दर रविवारी गड चढणारा, जेवणाच्या ताटावरून उठला आणि बाहेर जाऊन ओकला. रात्रभर त्याचं डोकं ठणकत होतं. सकाळी सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बोटाला ऑक्सिमीटर लावला, दोन प्रश्न विचारले आणि सांगितलं, आराम करा, पाणी प्या, आज वर जाऊ नका, त्रास वाढला तर लगेच खाली उतरा.

आता प्लॅन बघा. त्या दिवशी लांग्झा, हिक्कीम आणि कोमिक करायचं होतं. हिक्कीमच्या प्रसिद्ध पोस्टातून घरी पत्रं टाकायची होती. कोमिक तर साडेचार हजार मीटरच्याही वर. दुसऱ्या रात्री चंद्रतालला तंबू बुक होते, अॅडव्हान्स भरलेला. सुट्ट्या मोजून मिळालेल्या.

मग गेस्ट हाउसच्या अंगणात बैठक बसली. एकाचं म्हणणं होतं, त्याला इथे झोपू दे, आपण चौघं दुपारपर्यंत कोमिक करून येऊ. यात तसं चूक काय होतं? गाव सुरक्षित, दवाखाना जवळ. दुसरी म्हणाली, त्याला त्रास वाढला आणि आपण रेंजमध्ये नसलो तर? तिसऱ्याने पैशांचा विषय काढला. अर्धा तास कुणी कुणाकडे नीट बघत नव्हतं. आतून आजारी मुलाचा आवाज आला, "माझ्यामुळे थांबू नका रे." हे वाक्य ऐकलं की थांबायचंच असतं, असं मला तेव्हापासून वाटतं.

शेवटी असं ठरलं की कुणीच वर जायचं नाही. तो दिवस आम्ही काझ्याच्या बाजारात चहा पिण्यात, चेन साफ करण्यात आणि पत्ते खेळण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी त्याचं डोकं उतरलं, तो दोन पराठे खाऊन आणखी मागायला लागला. तरीही एक रात्र जास्त राहिलो. चंद्रताल मात्र कापला. कारण तिथे झोपायचं म्हणजे काझ्याहून बऱ्याच उंचीवर झोपायचं. त्याऐवजी कुंझुम ओलांडून त्याच दिवशी लाहौलमधल्या सिस्सूला उतरायचं ठरलं. सिस्सू काझ्याहून खाली आहे. अॅडव्हान्स गेला तो गेलाच.

हे सांगायचं कारण असं की, जुलै २०२३ मध्ये चंद्रतालला अवेळी बर्फ आणि पावसामुळे जवळपास तीनशे पर्यटक अडकले होते. रस्ता बंद, बाहेरच्या जगाशी संपर्क जवळपास नाही. बर्फ हटवत बचाव पथक पोचलं तेव्हा कुठे लोक बाहेर आले. डोंगरात प्लॅन बदलावा लागणं ही नेहमीची गोष्ट आहे. बुकिंगचे पैसे वाचवायला म्हणून कुणी पुढे जाऊ नये.

नाल्याआधी घड्याळ बघा

त्या दिवशी आम्ही पहाटे साडेपाचला काझा सोडलं. याला कारण नाले. वरचा बर्फ उन्हाने वितळतो, त्यामुळे सकाळी घोट्यापर्यंत असलेलं पाणी दुपारनंतर गुडघ्यापर्यंत येतं. म्हणून लवकर निघणं हीच तिथली सगळ्यात मोठी स्किल आहे, आणि ती यूट्यूबवर शिकावी लागत नाही.

छत्रूच्या अलीकडे एका नाल्यापाशी आम्ही थांबलो. एक ट्रकवाला आधीच उतरून बिडी ओढत पाण्याकडे बघत होता. म्हणाला, "पहले देखो, फिर उतरो." तेवढं पुरेसं आहे, पण थोडं सविस्तर सांगते. गाडी थांबवा आणि खाली उतरा. समोरून कुणी येत असेल तर त्याची चाकं कुठे बुडतात ते बघा. जिथे पाणी पसरट आणि खळखळतं, तिथे ते सहसा उथळ असतं. अरुंद आणि शांत दिसतं, तिथे खोल असू शकतं. पहिला गिअर, थ्रॉटल एकसारखा, नजर पलीकडच्या काठावर. पाण्याकडे बघितलंत की हँडल तिकडेच वळतं. मध्येच गाडी आडवी झाली तर आधी किल स्विच. आणि इंजिनात पाणी गेल्याची शंका असेल तर सेल्फ मारत बसू नका, आधी प्लग आणि एअर फिल्टर बघा.

मागे बसणाऱ्याने नाल्याआधी उतरायचं आणि शक्य असेल तिथून चालत यायचं. आमच्या मैत्रिणीने हे काम मनापासून केलं. तिचे बूट सिस्सूपर्यंत ओले होते.

आरशात दिसणारा मित्र

ग्रुप रायडिंगमध्ये पुढे चालणारा 'लीड' आणि सर्वात मागे राहणारा 'स्वीप' असतो. बहुतेक ग्रुपमध्ये लीड व्हायला तिघं तयार असतात आणि स्वीप व्हायला कुणीच नाही. खरं तर स्वीप हा सगळ्यात पक्का रायडर हवा, कारण पडलेली गाडी उचलायला, पंक्चर काढायला, घाबरलेल्याला धीर द्यायला शेवटी तोच तिथे असतो. सगळ्यात नवखा रायडर लीडच्या लगेच मागे ठेवा. त्याचा वेग तो ग्रुपचा वेग.

लोसर सोडल्यावर बराच वेळ फोनला रेंज नसते. तिथे एकच नियम चालतो. प्रत्येकाने आपल्या आरशात मागची गाडी बघायची. दिसली नाही, तर थांबायचं. तुम्ही थांबलात की तुमच्या पुढचाही थांबेल, त्याच्या पुढचाही. दहा मिनिटांत कुणी आलं नाही तर मागे फिरायचं. आमची दीडशे सीसीची गाडी बातलच्या पुढे दोनदा आडवी झाली. दोन्ही वेळा तिसऱ्या मिनिटाला चार हात उचलायला होते.

पाहुण्यांसारखं वागा

स्पितीत पाऊस अगदी कमी. शेतीचं पाणी वितळलेल्या बर्फातून पाटाने येतं. त्यावर मटार, बटाटा, जव पिकतो. हॉटेलात बादलीभर पाणी मिळालं तर कुरकुर करू नका. रस्त्याकडेला जे हिरवं माळरान दिसतं ते याक आणि मेंढ्यांचं चरण्याचं रान आहे. रीलसाठी त्यावर गाडी घातलीत तर चाकोऱ्या वर्षानुवर्षं तशाच राहतात, कारण तिथे गवत उगवायचा काळच काही महिन्यांचा. चंद्रताल २००५पासून रामसर यादीतली पाणथळ जागा आहे, तिथे गाडी अलीकडेच थांबवून चालत जायचं असतं. ताबोचा मठ इसवी सन ९९६चा आहे. दारात सायलेन्सरचे फटाके फोडून तिथे जाणं बरं नव्हे. आणि वेफर्सची पाकिटं परत बॅगेत, एवढं तर आपण गडावरही शिकतो.

निघण्याआधी

– कुंझुम साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत खुली असते, पण बर्फावर अवलंबून. निघायच्या दिवशी स्थानिक पोलिसांकडून किंवा गेस्ट हाउसकडून खात्री करा.
– गाडी रेल्वेने पाठवणार असाल तर टाकी पूर्ण रिकामी लागते. आरसी आणि ओळखपत्राची प्रत, नीट पॅकिंग हवं.
– पेट्रोल रिकाँग पिओला आणि काझ्याला फुल करा. काझ्यानंतर पुढचा पंप थेट लाहौल-मनालीच्या बाजूला.
– पंक्चर किट, ट्यूब, छोटा पंप, क्लच वायर, चेन ल्यूब, टो करायला दोर. आणि हे सगळं वापरता येणारा किमान एक जण.
– टायरमधली हवा थोडी कमी केली की खडीवर पकड मिळते. ट्यूबचा टायर असेल तर फार कमी करू नका, दगडावर ट्यूब चिमटते.
– महिनाभर आधी एखाद्या कच्च्या रस्त्यावर, मालकाला विचारून, फूटपेगवर उभं राहून चालवायची सवय करा. लगेज बांधून करा, रिकाम्या गाडीवर नको.
– रोख पैसे ठेवा. ऑनलाइन पेमेंट तिथे रेंजच्या मर्जीवर चालतं.

आणि शेवटचं, ज्याला काही खर्च येत नाही. तिकिटं काढायच्या आधी सगळे एकत्र बसा आणि एकच गोष्ट मोठ्याने ठरवून टाका: कुणालाही, कधीही, कारण न देता 'थांबूया' म्हणता येईल आणि त्यावर मतदान होणार नाही. ज्या ग्रुपमध्ये हे ठरवताना कुणाची चुळबुळ होते, त्याने आधी एखादी जवळची ट्रिप करावी. बाकीच्यांनी बॅगा भरायला घ्या. कुंझुमवर पोचल्यावर तिथल्या देवीच्या मंदिराला गाडीवरून प्रदक्षिणा घालायची पद्धत आहे. ती घालताना शेवटची गाडी येईपर्यंत थांबा. सगळ्यांनी मिळून घाला.