कयाधूकाठी तंबूतली एक रात्र

नाताळच्या सुटीत नांदेडला नातेवाइकांकडे जायचे ठरले. आम्ही सहाजण. वाटेत एक मुक्काम म्हणजे लॉजच्या दोन खोल्या आणि बाहेरचे जेवण. खर्च वाढतो, आणि हलाल जेवणाची खात्रीही नसते. म्हणून यंदा दोन तंबू, सतरंज्या, रजया आणि घरचे डबे गाडीत टाकले. दादीला एकाने विचारले, "या वयात तंबूत?" ती म्हणाली, "हजला गेले तेव्हा मिनात काय बंगल्यात राहिले होते?"

लोणारचे सरोवर पाहून रिसोड, सेनगावमार्गे निघालो आणि दुपार कलता हिंगोली जिल्ह्यातल्या नरसी नामदेवला पोचलो. कयाधू नदीकाठचे हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. जन्मवर्ष १२७० सांगतात. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, त्यामुळे पंजाबातूनही भाविक येतात. आषाढीला येथून पायी दिंडी पंढरपूरला निघते. म्हणजे मुक्कामाच्या माणसांची गावाला सवय आहे. तरी मनात धाकधूक होतीच. दाढी, टोपी आणि बुरखा पाहून कोणी आपल्या रानात उतरू देईल का?

रस्त्यालगत एक शेतकरी काका बैल सोडत होते. सलाम-नमस्कार झाला, विचारले. ते म्हणाले, "राहा की. फक्त हरभऱ्यात पाय पडू देऊ नका, अन् नदीच्या पात्रात तंबू ठोकू नका." बांधालगतचा पडीक तुकडा त्यांनीच दाखवला.

अस्रची वेळ झाली होती. मुसाफिराला चार रकात फर्जऐवजी दोनच, हे मुलांना इथे प्रत्यक्ष कळले. किब्ला कुठे, यावरून वाद झाला. मराठवाड्यातून तो पश्चिमेला, जरासा उत्तरेकडे आहे. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे सरकून मावळतो, त्यामुळे मावळतीकडे तोंड केले तर दिशा चुकते. बरेच उजवीकडे वळावे लागते. थोरल्याने होकायंत्रावर ताडून पाहिले.

जेवणानंतर दादी मिनाच्या गोष्टी सांगू लागली. मुजदलिफाला उघड्या आभाळाखाली काढलेली रात्र तिला अजून आठवते. १९९७ साली मिनात तंबूंना आग लागून ३४३ हाजी दगावले. त्यानंतर तिथे आग न पकडणारे तंबू आले. आम्हीही चूल तंबूपासून दूर मांडली होती.

मध्यरात्री बॅटरीचा उजेड जवळ आला. आम्ही दचकलो. पाहतो तर काका! शेतीच्या विजेची पाळी रात्रीची होती, ते हरभऱ्याला पाणी द्यायला आले होते. थर्मासमधला चहा त्यांना दिला. आम्ही हौसेने जी थंडी अंगावर घेत होतो, तीत ते कामाला उभे होते. मुलांना हे सांगावे लागले नाही. धाकटी स्वतःच उठली आणि तिची शाल त्यांना देऊ लागली. काका हसले, शाल घेतली नाही.

फज्रला तंबू दवाने ओला होता. पैसे देऊ केले, ते त्यांनी नाकारले. उलट आम्हाला तुरीच्या शेंगा बांधून दिल्या आणि दादीला म्हणाले, "आजी, पुन्हा आलात तर घरीच या."

जाणार असाल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. उजेड असताना पोचा. जमीनमालकाला विचारल्याशिवाय खुंटी ठोकू नका. पावसाळ्यात हा बेतच करू नका. तंबूत शेगडी किंवा कोळसे कधीही पेटवू नका. आगीइतकाच धुराचा वायूही जीव घेतो. वुजू आणि पिण्याचे पाणी बरोबर ठेवा. बायकांच्या सोयीसाठी जवळचे स्वच्छतागृह आधी पाहून घ्या. निघताना कचरा गोळा करून बरोबर न्या.

लॉजवर उतरलो असतो तर दार लावून झोपलो असतो. तंबूसाठी मात्र आधी कोणाकडे तरी जागा मागावी लागली, आणि तेवढ्यानेच आमची धाकधूक गेली. पुढच्या सुटीत, इन्शाअल्लाह, दादीला घेऊन काकांच्या घरी जायचे आहे.