गॅदरिंगचा इतिहास कसा शोधायचा? एदलाबादच्या निमित्ताने

"शाळेचं गॅदरिंग हा काय संशोधनाचा विषय झाला का?" असा प्रश्न विषय निवडताना हमखास येतो. माझं उत्तर आहे, होतो. मात्र त्यासाठी प्रश्न नीट मांडावा लागतो. आज आपण एकच गाव आणि एकच काळ घेऊन ते कसं करायचं ते बघूया. गाव मुक्ताईनगर, काळ साधारण १९६० ते १९७५.

आधी शब्द तपासा

शाळेतल्या सामाजिक जीवनावर इंग्रजीत वाचायला लागलात की अमेरिकेतली हायस्कुलं समोर येतात. तिथे वर्षाअखेरीस 'प्रॉम' नावाचा नृत्यसमारंभ असतो. मुलगा मुलीला रीतसर विचारतो, दोघं जोडीने नाचतात आणि वर्षभराचे फोटो छापील 'इयरबुक'मध्ये येतात. ही चौकट डोक्यात घेऊन तुम्ही १९६५ चं खानदेश शोधायला गेलात तर हाती काहीच लागणार नाही. मग प्रबंधात एक ओळ येते, 'ग्रामीण महाराष्ट्रात अशी परंपरा नव्हती.' इथे संशोधन संपतं, आणि तेही चुकीच्या जागी.

त्याऐवजी असं विचारा : मुलं नटूनथटून लोकांसमोर कधी यायची? पालक शाळेत कधी यायचे? मुलं आणि मुली एकाच मांडवात कधी दिसायची? उत्तर येतं, वार्षिक स्नेहसंमेलन, म्हणजे बोलीतलं गॅदरिंग. खेळांचे सामने, रांगोळी, हस्तलिखिताचं प्रकाशन, बक्षीस समारंभ, नाटक, नाच आणि फिशपाँड. या फिशपाँडचं जुनं मराठी नाव शेलापागोटे. जुने कागद चाळताना हाही शब्द शोधा.

मग गावाचं नाव आणि वर्ष तपासा

पूर्णाकाठच्या या गावाचं जुनं नाव एदलाबाद. राष्ट्रपती झालेल्या प्रतिभा पाटील ज्या मतदारसंघातून अनेक वर्षं आमदार होत्या, तोही कागदोपत्री एदलाबादच. तुम्ही फक्त 'मुक्ताईनगर' शोधत बसलात तर आपल्या काळातले बहुतेक कागद हातून निसटतील. जिल्ह्याचंही तसंच. आजचा जळगाव जिल्हा म्हणजे पूर्वीचा पूर्व खानदेश.

थोडं मागे जायचं असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. शेजारचं मलकापूर बुलढाणा जिल्ह्यात येतं आणि हा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेश राज्यात होता. एदलाबाद मात्र मुंबई राज्यात. दोन गावं जवळजवळ, पण सरकार वेगळं, म्हणून शिक्षण खात्याची कागदपत्रंही वेगळ्या ठिकाणी.

वर्गाचा आकडाही फसवतो. तेव्हा शालान्त परीक्षा अकरावीला व्हायची. दहावीची नवी पद्धत १९७५ च्या सुमारास आली. म्हणून जुन्या फोटोखाली 'इयत्ता ११ वी, निरोप समारंभ' असं दिसलं तर ते ज्युनिअर कॉलेज समजू नका. तो शाळेतला शेवटचा वर्ग आहे.

स्टेजवर कोण होतं?

इथून खरा प्रश्न सुरू होतो. शाळा-कॉलेजांसाठी छापलेल्या जुन्या एकांकिका हातात घ्या. कितीतरी पुस्तकांवर 'स्त्रीपात्रविरहित' किंवा 'पुरुषपात्रविरहित' असं ठळक लिहिलेलं असतं. हा शब्द म्हणजे पुरावाच आहे. मुलं-मुली एकत्र काम करणार नाहीत हे गृहीत धरून नाटकं लिहिली जात होती, छापली जात होती, विकली जात होती. एखाद्या शाळेने यातलं कोणतं नाटक निवडलं, यावरून त्या शाळेतली मुलींची जागा कळायला सुरुवात होते.

नाचाचंही तेच. खानदेशात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात, टिपऱ्या खेळतात. म्हणजे मुलींनी एकत्र जमून गाणं-खेळणं इथे नवीन नव्हतं. पण ते अंगणात, ओळखीच्या बायकांमध्ये. तोच खेळ शाळेच्या स्टेजवर, गावातल्या पुरुषमंडळींसमोर आला की त्याचा अर्थ बदलतो. कोणत्या घरांनी ते चालवून घेतलं, कोणत्या घरांनी नाही? हा प्रश्न प्रबंधाला पुरेल एवढा मोठा आहे.

आकड्यांची पार्श्वभूमीही सोबत ठेवा. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या १०० स्त्रियांमागे २० सुद्धा साक्षर नव्हत्या. म्हणजे हायस्कूलच्या गॅदरिंगमध्ये मागच्या रांगेत उभी असलेली मुलगीसुद्धा तिच्या पिढीत अपवाद होती.

पुरावा कुठे मिळतो?

फोटो सगळ्यांना आवडतो, पण फोटोत फक्त हजर असलेली माणसं दिसतात. गैरहजर माणसं शोधायला बाकीचे कागद लागतात.

सूचना वही : गॅदरिंगची तारीख, वर्गणी किती, तालमी कधी, मुलींना घरी किती वाजता सोडायचं. शाळेची काळजी कशाची होती ते इथे कळतं.

किर्द : पडद्यांचं भाडं, पेट्रोमॅक्स, पेटी-तबलेवाला, अल्पोपहार. वर्गणी कोणत्या तारखांना जमा झाली तेही बघा. कापूस विकला गेल्यावर एकदम जमा झाली का? कोणाची माफ झाली का? ज्याच्याकडे वर्गणी नव्हती तो मांडवात होता का?

जनरल रजिस्टर : दाखल झाल्याची आणि शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण. आठवीच्या गॅदरिंगमध्ये नाचलेल्या मुली अकरावीच्या निरोप समारंभात किती उरल्या, हे फोटो आणि रजिस्टर शेजारी ठेवलं तरच कळतं.

हस्तलिखितं : खानदेशात याची चांगली परंपरा आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचे. अशा हस्तलिखिताची प्रत अनेकदा एकच असते. ती गेली की गेली.

मुलाखत घेताना

"तुम्ही गॅदरिंगमध्ये होतात का?" असं विचारलं की "हो, खूप मजा यायची" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, "नाचायची साडी कोणाची होती? तालमीनंतर घरी कोणासोबत जायचात? ज्या मैत्रिणीला घरून परवानगी मिळाली नाही, ती त्या दिवशी कुठे होती?" वस्तूबद्दल आणि माणसाबद्दल विचारलं की आठवण मोकळी होते.

बोलीचं भान ठेवा. या भागात बऱ्याच घरांत लेवा गणबोली किंवा तावडी बोलतात. उतरवून काढताना ती पुस्तकी मराठीत 'सुधारू' नका. आजीने "ग्यादरिंग" म्हटलं तर तेच लिहा. आणि रजिस्टरमधली नावं, जाती, जन्मतारखा प्रबंधात जशाच्या तशा छापू नका. पाहायला परवानगी मिळाली म्हणजे छापायची मिळाली असं होत नाही.

हे आत्ताच का?

१९६५ ला अकरावीत असलेली मुलं-मुली आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. जनरल रजिस्टर शाळा जपून ठेवते, कारण दाखल्यासाठी ते लागतं. सूचना वही आणि गॅदरिंगची किर्द कोणालाच लागत नाही. खोली रिकामी करायची वेळ आली की रद्दीत आधी तेच जातं. कोणाला शाळेत ठेवलं, कोणाला स्टेजवर येऊ दिलं आणि कोणाला घरी बसवलं, याचा लेखी पुरावा नेमका त्याच कागदांत आहे.

म्हणून विषय पक्का व्हायची वाट बघू नका. या सुट्टीत आपल्या गावच्या शाळेत जा, मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि एकाच वर्षाची सूचना वही मागा. ती पूर्ण वाचा. त्यात ज्या मुलीचं नाव एकदा येतं आणि पुन्हा कधीच येत नाही, तिथून तुमचा पहिला संशोधन प्रश्न लिहायला घ्या.